त्रेसष्ट की साठ तीन?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आलं आणि विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे खिल्ली उडाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, सोपा पर्याय सोबत दिला आहे. पण मराठी बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांना ते ऐकायचं नव्हतं. संख्या लिहिताना मुलाच्या डोक्यात काय चालतं, हा खरा रंजक प्रश्न त्या गोंधळात मागेच पडला.

बाई म्हणतात, “लिहा, त्रेसष्ट.” मुलाच्या कानावर आधी ‘त्रे’ पडतं, म्हणजे एकक. कागदावर मात्र डावीकडून आधी दशक लिहायचा असतो. तेव्हा तीन मनात धरायचे, पुढचं ऐकायचं, ‘सष्ट’ म्हणजे साठ हे ओळखायचं, सहा लिहायचे आणि धरून ठेवलेले तीन त्याच्या उजवीकडे मांडायचे. या धरून ठेवण्याच्या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि सहा-सात वर्षांच्या वयात ती तोकडीच असते. त्यामुळे अंकांची जागा उलटते आणि वहीत ३६ उमटतात. जर्मन भाषेतही ‘तीन आणि साठ’ असंच म्हणतात, आणि तिथल्या लहान मुलांच्या वह्यांतही हीच अदलाबदल सापडते. कानडी आणि तेलुगू मुलं आधी दशक ऐकतात, मग एकक.

त्यात आपलं ‘एकोण’. एकोणसाठ ऐकताना कानावर साठ येतात, लिहायचे मात्र पाच आणि नऊ. म्हणजे अंकलेखनाच्या आत एक वजाबाकी लपलेली. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक मोडतो.

शिवाय दशकाचं नाव जोडशब्दात ओळखू येईल याचीही खात्री नाही. संस्कृत ‘द्वासप्तति’चं ‘बाहत्तर’ झालं, कारण दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘ह’ झाला. ‘द्वापञ्चाशत्’मधला ‘प’ तसाच सापडला आणि ‘व’ झाला, म्हणून बावन्न. पण ‘षट्पञ्चाशत्’मध्ये त्याच ‘प’च्या आधी ‘ट्’ होता. दोघांचा मिळून ‘प्प’ झाला आणि ‘प’ वाचला, म्हणून छप्पन्न. मला हा प्रकार विलक्षण आवडतो. दुसरीतल्या मुलाला त्याचा काडीचाही उपयोग नाही, त्याला ही सगळी नावं सुटी सुटी पाठच करावी लागतात.

नव्या पद्धतीलाही एक अडचण आहेच. ‘वीस एक माणसं आली’ म्हणजे मराठीत अंदाजे वीस, मोजून एकवीस नव्हेत! नॉर्वेतही पूर्वी ‘एक आणि वीस’ म्हणत. टेलिफोन क्रमांक सांगताना घोळ होऊ लागले, तेव्हा १९५१ मध्ये तिथे ‘वीस एक’ अधिकृत झालं. तरी जुने शब्द बोलण्यातून गेले नाहीत, आजही ऐकू येतात. त्रेसष्ट मरेल ही भीती मला म्हणूनच अनाठायी वाटते.

खरा फायदा बेरजेत दिसतो. अडतीस अधिक पंचवीस म्हटलं की मूल थेट ‘आठ आणि पाच तेरा, हातचा एक’ असं घोकू लागतं, आणि हा एक म्हणजे एक दशक हे कळतंच असं नाही. ‘तीस आठ अधिक वीस पाच’ म्हटलं की तीस आणि वीस पन्नास, आठ आणि पाच दहा तीन. हातचा कुठून आला ते समोरच दिसतं. हे न समजता ‘वैदिक गणिता’च्या क्लासात झटपट युक्त्या शिकवण्यात काय हशील? त्या युक्त्याही स्थानिक किमतीवरच चालतात, आणि ती सूत्रं वेदांत सापडत नाहीत ती नाहीतच.

शिक्षकांना ‘साठ तीन’चा आणखी एक उपयोग आहे. मुलाने त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिले तर लगेच चुकीची फुली मारू नये, ‘साठ तीन लिही’ म्हणून पाहावं. ६३ लिहिले तर दशक-एकक त्याला समजलेत, अडलंय ते शब्दापाशी. ६०३ लिहिले तर मात्र काड्यांचे गठ्ठे पुन्हा बाहेर काढावे लागतील.