नगरसेवकाच्या कामाचा हिशोब 10 रुपयांत कसा काढायचा

नागपूरच्या पानठेल्यावर हा वाद कायमचाच, तोच नगरसेवक चौथ्यांदा कसा काय उभा राहतो, काही लिमिट नाही का? नाही आहे बावा. टर्म 5 वर्षांची, पण किती टर्म याला कायद्यात बंधनच नाही. तिसऱ्या मुलावर आहे, चौथ्या टर्मवर नाही! मग आपल्या हातात उरतो तो 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

2005 च्या माहिती अधिकार (आरटीआय) कायद्याखाली कोणीही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो, त्याच प्रभागातला मतदार पाहिजे असं काही नाही, आणि माहिती कशाला पाहिजे हेही सांगायचं नसतं (बाबूनं विचारलंच तर कलम 6(2) दाखवा). जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना भरायचा, स्टॅम्प चिकटवायचा, बस. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, फक्त दाखल्याची कॉपी जोडा. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही होतं.

खरी मेख अर्जाच्या भाषेत आहे. "नगरसेवकानं पैसे खाल्ले का" असं लिहाल तर हाती काहीच येणार नाही, कारण रेकॉर्डवर आहे तेवढंच मिळतं, कोणाचं मत नाही. विषय एकच, साधारण 150 शब्दांत. आता गल्लीतले गट्टूच घ्या, दोन वर्षांत दोनदा उखडले असतील तर गल्ली आणि वर्ष टाकून इस्टिमेट, वर्क ऑर्डर, बिलं आणि मुख्य म्हणजे एमबी मागा, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, इंजिनिअरनं किती मीटर काम मोजलं ते तिच्यात असतं. ती मिळाली की टेप घेऊन गल्लीत उतरा. ठेकेदार कोण तेही बघा, कारण मनपाच्या ठेक्यात नगरसेवकाचा किंवा त्याच्या पार्टनरचा हिस्सा निघाला तर तो अपात्र ठरू शकतो.

अर्ज मनपाच्या आपल्या झोन ऑफिसात द्यायचा, धरमपेठ, हनुमाननगर, आशीनगर, 10 पैकी जे असेल ते, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, मग 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 दंड लावू शकतो, म्हणून पोच जपून ठेवा.

कोणी थेट पैसेच मागून राहिला असेल तर आरटीआयच्या भानगडीत पडू नका, एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 लावा, तोही पैसे देण्याआधी. जबरदस्तीनं द्यावेच लागले तर 7 दिवसांत कळवा, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून देणाराही अडकतो.