घरगुती हाय-फाय स्पीकर-बांधणी, खानदेशातील

सुटे वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर) आणि इतर भाग आणून घरी किंवा ओळखीच्या सुताराकडून पेटी करून घेणे, तसेच जुन्या स्पीकरची पेटी, क्रॉसओव्हर (खालचे व वरचे सूर दोघांत वाटणारी जोडणी) वा कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) यांत बदल करून त्याचा आवाज सुधारणे, ही जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत टिकून असलेली हौस. वरातीचे डीजे व मंडपवाल्यांचे बॉक्स यांच्याशी तिचा संबंध सामानापुरता आहे. तिथे आवाज मैदानभर पोचवायचा असतो, इथे तो खोलीत तीन-चार मीटरवर बसून मूळ ध्वनिमुद्रणाला धरून ऐकायचा असतो. घरी फसलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने फसतात. मंडपासाठी केलेला १२ इंची वूफर ताठ बांधणीचा असतो, त्याचा स्वतःचा अनुनाद (ज्या वारंवारतेला तो सर्वांत सहज हलतो) पुष्कळदा ५० हर्ट्झच्या वर असतो. छोट्या पेटीत बसवला की तो मोठा वाजतो, पण तबल्याच्या बायाँचा घुमारा त्यात येत नाही.

पूर्वपीठिका : आजच्या स्पीकरचा आरंभ कोणापासून धरायचा, यावर एकमत नाही. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या कॉइलची कल्पना वर्नर सीमेन्स यांच्या १८७४ च्या पेटंटात आढळते; मात्र तिच्यातून संगीत काढण्याजोगा विद्युत् संकेत त्या काळी उपलब्ध नव्हता. ऑलिव्हर लॉज यांचे पेटंट १८९८ चे आहे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कर्णा जोडून ती प्रत्यक्षात आणली. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांचा शोधनिबंध १९२५ चा. कोनाचा अनुनाद ऐकण्याच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवायचा आणि कोन फळीवर बसवायचा, हा विचार त्यांनी पद्धतशीर मांडला. पेटी करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांनाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण तिथून पुढे कोन व पेटी यांचा एकत्र विचार सुरू होतो.

बंद पेटीच्या श्रेयाचा वाद याहून तीव्र आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये लहान, हवाबंद पेटीत अतिशय सैल बांधणीचा वूफर बसवला. कोनाला परत आणण्याचे काम पेटीतल्या हवेवर सोपवले. त्यांना १९५६ मध्ये पेटंट मिळाले. परंतु हॅरी ऑल्सन व जॉन प्रेस्टन यांच्या १९४९ च्या पेटंटात हीच कल्पना आधी आलेली असल्याचा आक्षेप एका स्पर्धक कंपनीने घेतला आणि विल्चर यांचे पेटंट रद्द ठरले. कायद्याच्या दृष्टीने अग्रक्रम ऑल्सन-प्रेस्टन यांचा. ती कल्पना घराघरांत पोचवण्याचे काम मात्र विल्चर यांचेच. नळीच्या पेटीबद्दल (जिच्यात हवेसाठी उघडी नळी बसवलेली असते) असा वाद नाही. आल्बर्ट थ्युरास यांचे पेटंट १९३२ चे आहे. तिचे भरवशाचे गणित पुष्कळ नंतर आले : नेव्हिल थील यांचा निबंध १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात छापला गेला आणि १९७१ च्या पुनर्मुद्रणानंतर सर्वत्र वाचला गेला, सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी त्याला पूर्णत्व दिले.

खानदेशात ही हौस ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर व कॅसेट-डेक आवाक्यात आल्यावर, म्हणजे १९७०-८० च्या दशकांत रुजली असावी.

मोजणी : वूफरची तीन मापे हाती असल्याशिवाय लाकूड कापू नये : मोकळ्या हवेतील अनुनाद (एफएस), एकूण दमन दाखवणारा आकडा (क्यूटीएस; तो जितका मोठा तितके दमन कमी) आणि वूफरच्या बांधणीइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये (व्हीएएस). सुट्या बाजारातील वूफरसोबत ही मापे क्वचितच मिळतात, म्हणून ती घरी काढावी लागतात. फोनवरील टोन जनरेटर ॲम्प्लिफायरला जोडावा, ॲम्प्लिफायर व वूफर यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा रोध घालावा आणि वूफर भिंतीपासून दूर, मोकळा टांगून त्याच्या टर्मिनलवरचा दाब (व्होल्टेज) मोजावा. इथे स्वस्त मल्टीमीटर कामाचा नाही. त्याची एसीची सर्वांत लहान पट्टी २०० व्होल्टची असते, आणि मोजायचे असतात मिलिव्होल्ट.

दाब सर्वाधिक होतो ती वारंवारता म्हणजे एफएस. साडेसहा इंची वूफरचे एक उदाहरण घेऊ. कॉइलचा रोध ६ ओहम, ४० हर्ट्झला बाधा (त्या वारंवारतेला दिसणारा रोध; मोजलेला दाब हिच्याच प्रमाणात असतो) ५४ ओहम. दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ १८. बाधा १८ ओहम होते अशा दोन वारंवारता २६ व ६१ हर्ट्झ मिळाल्या, म्हणजे अंतर ३५. ५४ ला ६ ने भागून ९, त्याचे वर्गमूळ ३. मग ४० × ३ ÷ ३५ = ३.४३ हे यांत्रिक दमन, आणि त्याला ९ ने भागले की क्यूटीएस ०.३८.

व्हीएएससाठी कोनावर डस्ट कॅपभोवती (मध्यावरच्या टोपणाभोवती) १० ग्रॅम माती सारखी पसरून चिकटवतात. खेळण्यातली न सुकणारी माती चालते. वजन सराफाच्या काट्यावर करून घ्यावे. नाणी वापरू नयेत : हल्लीची स्टेनलेस पोलादाची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे ओढ वजनाची की चुंबकाची हे कळत नाही. मातीमुळे अनुनाद ४० वरून ३० हर्ट्झवर आला, तर हलणारे वस्तुमान सुमारे १२.९ ग्रॅम. अर्धा सराऊंड (कोनाच्या कडेची लवचिक कडी) धरून कोनाचा व्यास १२.७ सेंमी असेल, तर व्हीएएस २८ लिटर येते. नवा वूफर मोजण्याआधी काही तास मंद सुरावर चालवून घ्यावा, नाहीतर एफएस फसवा चढा दिसतो.

पेटीचे गणित : वरील वूफर बंद पेटीत ०.७०७ दमनावर बसवायचा तर ११.४ लिटर हवा लागते आणि पेटीतला अनुनाद ७४ हर्ट्झवर जातो. हाच वूफर नळीच्या पेटीत २६ लिटर मागतो, आणि ४० हर्ट्झवर साधलेल्या नळीने जवळजवळ ४० हर्ट्झपर्यंत उतरतो. बेस हवा म्हणून नळीची पेटी निवडताना एक लक्षात ठेवावे : क्यूटीएस ०.५ च्या वर असलेला वूफर नळीत घातला की बेस खोल न जाता एकाच सुरावर घुमतो. त्याला बंद पेटीच बरी.

नळीसाठी खानदेशात पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांना तोटा नाही. जळगाव हे या पाइपांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे आणि शेतात पाइप टाकून उरलेले तुकडे गावोगाव मिळतात. ६३ मिमी बाह्य व्यासाच्या पातळ पाइपचा आतील व्यास साधारण ६० मिमी. २६ लिटरला ४० हर्ट्झसाठी त्याची लांबी १६ सेंमी. पाइपवर छापलेले माप बाहेरचे असते, तेच गणितात घातले की सूर चुकतो. नळी आधी १९-२० सेंमी ठेवावी आणि मोजत मोजत कापावी. तोंडाची कड कानशीने गोल केली नाही, तर मोठ्या आवाजात हवा फुसफुसते. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. ध्वनीचा वेग वाढल्याने हिवाळ्यातल्या १० अंशांच्या तुलनेत नळीचा सूर सुमारे अडीच हर्ट्झ चढतो. तेवढ्यासाठी काही करण्याची गरज नाही.

लाकूड : १८ मिमीचे प्लायवुड हा पहिला पर्याय. एमडीएफ आवाजाला चांगले, पण उघड्या कडांतून पावसाळी ओल शोषून फुगते, म्हणून कडांना फेव्हिकॉल पाणी घालून दोनदा पाजावा लागतो. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू धरत नाही. नवापूर-तळोदा भागातील सागाचा मोह अनेकांना होतो. अखंड सागाची फळी ऋतूनुसार आडवी फुगते-आकसते आणि सांधा उघडतो. साग कडेच्या पट्टीला व आतील आधाराला वापरावा.

वरील २६ लिटरसाठी वूफर, नळी व आधार यांची जागा धरून आतून २८.६ लिटर घ्यावे : रुंदी २०, खोली २६, उंची ५५ सेंमी. ८ × ४ फुटी एका शीटमध्ये जोडी होऊन तुकडे उरतात. वूफरच्या मागे आडवी आधारपट्टी हवीच. ती नसेल तर बाजूच्या फळ्या स्वतः वाजतात आणि गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. सांध्यांतली गळती उदबत्तीने शोधतात : ३० हर्ट्झचा सूर लावून उदबत्ती सांध्यालगत फिरवली की गळतीपाशी धूर थरथरतो. सर्वांत जास्त गळती सांध्यात नसून वूफरच्या फ्रेमखाली आणि टर्मिनलच्या भोकात सापडते.

आतील अस्तरासाठी इथे पिंजलेला कापूस वापरण्याची रीत आहे. कापूस आवाज चांगला शोषतो, पण वर्षभरात खाली बसतो व ओल धरतो. मलमलीच्या पिशव्यांत शिवून तो फळ्यांना ठिकठिकाणी टाचावा. बंद पेटीत लिटरला १० ते १२ ग्रॅम पुरतो. नळीच्या पेटीत फक्त भिंतींना लावावा, नळीचे आतले तोंड मोकळे ठेवावे.

माठाचा स्पीकर : माठाच्या तोंडावर स्पीकर बसवण्याची पद्धत खेड्यांत जुनी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ऑल्सन यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांची मोजणी प्रसिद्ध केली. तीत गोलाचा प्रतिसाद सर्वांत सपाट आणि घनाकृतीचा बराच खडबडीत आला, कारण गोलाला ध्वनी फुटण्याजोगी कड नसते. आतून २८ सेंमी व्यासाचा माठ ११.५ लिटरचा होतो, म्हणजे वरच्या वूफरची बंद पेटी आयतीच. माप लिटरच्या भांड्याने पाणी ओतून घ्यावे आणि माठ दोन दिवस उन्हात वाळवावा.

यात तीन अडचणी आहेत. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने हवा झिरपते. आतून ऑइल पेंटचे दोन हात द्यावे लागतात. माठ टिचकीला वाजतो, तसाच स्पीकरलाही वाजतो. फेव्हिकॉलमध्ये कालवलेल्या बारीक वाळूचा बोटभर थर आतून दिला की तो मुका होतो. तिसरी अडचण आकाराचीच : सगळे व्यास सारखे असल्याने आतील लहर एकाच ठिकाणी, सुमारे ८०० हर्ट्झला साचते. म्हणून कापूस भिंतीला न लावता पोकळीच्या मध्यापर्यंत भरायचा. वायरचे भोक ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, हळू, पाणी टाकत पाडावे. तोंडावर प्लायची कडी अरल्डाइटने बसवून तिच्यावर वूफर स्क्रूने आवळावा. मातीत थेट स्क्रू घातला तर तडा जातो.

क्रॉसओव्हर : ३००० हर्ट्झला, ८ ओहमवर, दुसऱ्या श्रेणीच्या लिंकविट्झ-रायली जोडणीला (क्रॉसओव्हरचा एक प्रचलित आराखडा) ३.३ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर व ०.८५ मिलिहेन्रीच्या कॉइल लागतात. पंख्याचा ३.१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, या जागी तो उत्तम चालतो आणि कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. कॉइल मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील १८ गेजच्या एनॅमल तारेने भरावी : ३० मिमी व्यासाच्या, २५ मिमी रुंद रिळावर १९ वेढ्यांचे ९ थर. तार सुमारे २२ मीटर, वजन पाव किलोच्या आत, रोध ०.३३ ओहम. एका पेटीला अशा दोन कॉइल. त्या एकमेकींशी काटकोनात आणि चुंबकापासून हातभर दूर ठेवाव्यात. रीळ लाकडाचे वा प्लास्टिकचे असावे. लोखंडी बोल्टने कॉइल आवळली की तिचे मूल्य बदलते.

या जोडणीत ट्वीटरची दिशा (धन-ऋण टोके) उलटी जोडावी लागते. ती सरळ राहिली तर ३००० हर्ट्झभोवती खड्डा पडतो. बासरी मागे गेल्यासारखी वाटते. वूफरची दिशा दीड व्होल्टच्या सेलने तपासतात : धन टोक धनाला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. छापील ८ ओहम वरच्या सुरांत टिकत नाहीत, म्हणून वूफरला समांतर ७.५ ओहमचा रोध व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची मालिका जोडावी. ती गाळली की गणित बरोबर असूनही आवाज कर्कश येतो, आणि दोष ट्वीटरला दिला जातो.

दुरुस्ती व हवामान : फोमचा सराऊंड दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. बदलताना रबरी घ्यावा, पण तो जड व ताठ असेल तर एफएस सरकतो. पुन्हा मोजणी करून नळी कापावी किंवा वाढवावी. कोन वा कॉइल बदलल्यावरही हेच. नवी कॉइल मध्यावर आणण्यासाठी कारागीर एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या फटीत घालतात आणि गोंद २४ तास सुकू देतात. घाईत पट्ट्या काढल्या की कॉइल एका बाजूला घासते. कोन बोटांनी हळू दाबल्यास खरखर लागते. फटीत गेलेली काळ्या मातीची धूळही असाच आवाज करते, म्हणून रिकॉइलिंगला देण्याआधी डस्ट कॅप उघडून फट चिकटपट्टीच्या कडेने साफ करून पाहावी. नळीच्या तोंडाला आतून मोठ्या भोकांची प्लास्टिक जाळी लावतात. उंदीर कापसासाठी आत शिरतात आणि कोन कुरतडतात. लोखंडी बारीक जाळी टाळावी, तिने हवेची वाट अडते आणि नळीचा उपयोग कमी होतो.