चुनखडकाचा ‘साठा’ नेमका किती?

कोरपना, राजुरा, वणी हा विदर्भातला वर्धा-पैनगंगेकाठचा पट्टा चुनखडकाचा. पश्चिमेकडे हा खडक लाव्हाच्या काळ्या कातळाखाली गडप होतो. शेतकरी चुनखडी म्हणतात ते रानातले पांढरे खडे. चुन्याच्या भट्ट्यांना ते पुरत. सिमेंटचे कारखाने आले ते खालच्या खडकासाठी आणि शेजारच्या कोळशासाठी, मुख्यतः १९८०च्या दशकात. प्रत्येकाची खाण स्वतःची. दगड विकायचा प्रश्न फारसा आलाच नाही.

घोळ आहे तो ‘साठा’ या शब्दाचा. बातमीत अमुक कोटी टन साठा सापडल्याचं छापून येतं, तेव्हा तो बहुधा साठा नसतोच, संसाधन असतं, म्हणजे जमिनीत असलेला पण खणून परवडेलच असं नसलेला दगड. आपल्याकडच्या वर्गीकरणात तीन अंकी संकेत असतो: पहिला अंक आर्थिक लाभाचा, दुसरा व्यवहार्यतेच्या अभ्यासाचा, तिसरा भूगर्भातल्या खात्रीचा. १११ म्हणजे खणून परवडेल असा सिद्ध साठा. ३३३ म्हणजे तर्काने मांडलेला दगड. १ एप्रिल २०१५च्या राष्ट्रीय नोंदीत देशभरचा चुनखडक सुमारे २०,३०० कोटी टन होता. साठा म्हणावा असा त्यात जेमतेम ८ टक्के. उरलेल्यावर कुठे गाव, कुठे जंगल, कुठे वरच्या मातीचा जाड थर. कुठे मॅग्नेशियाच (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) जास्त. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांवर चालत नाही, त्यामुळे चुना भरपूर असलेला दगडही बाद होतो.

खाणकायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावात गेले. त्यासाठी आधी सर्वसाधारण अन्वेषण, म्हणजे जी-२ टप्पा, पूर्ण असावा लागे. २०२१मध्ये चुनखडकासारख्या वरवरच्या खनिजांना जी-३ म्हणजे प्राथमिक अन्वेषणही पुरेसं ठरलं. लिलाव लवकर व्हावेत हा हेतू समजतो, पण कमी बोअर घेऊन जास्त बोली लावायला सांगणं हे सरळ जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आहे.

भावाचं त्याहून विचित्र. सरकारला द्यायचं स्वामित्वधन (रॉयल्टी) टनावर आहे, २०१४पासून साध्या प्रतीला ८० रुपये. लिलावातली बोली मात्र खनिजाच्या किमतीच्या टक्क्यांत, आणि ती किंमत निघते सरासरी विक्रीदरावरून. हा दर बाहेर दगड विकणाऱ्या खाणींवरून काढतात. चुनखडकाच्या बहुतेक मोठ्या खाणी तर आपल्याच कारखान्याला दगड देतात. थोड्यांच्या विक्रीवरून सगळ्यांचा भाव ठरतो.

कारखान्याची गरज भागल्यावर वर्षाच्या उत्पादनातला निम्म्यापर्यंत दगड विकायची मुभा २०२१मध्ये मिळाली, २०२५मध्ये ही निम्म्याची मर्यादाही गेली. पण टनभर क्लिंकरला, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांना, जवळपास दीड टन दगड लागतो, ट्रकभाड्यातच त्याची किंमत संपते. कोरपन्यातल्या खाणीला गिऱ्हाईक मिळालं तर ते शेजारीच मिळायचं, आणि शेजाऱ्याकडे स्वतःची खाण आहे.