पम्पकिन स्पाइस लाटे: भोपळ्याचं नाव, मसाल्याचं काम

घरी पम्पकिन स्पाइस लाटे, म्हणजे भोपळ्याच्या नावाची मसालेदार दूध-कॉफी, करायची ठरली की बहुतेकांचा हात आधी भोपळ्याकडे जातो. तीन-चार मोठे चमचे गर दुधात घोटला जातो, वर चिमूटभर दालचिनी पडते. कपात येतं ते दाट, किंचित भाजीच्या चवीचं दूध, आणि कॉफी त्यात हरवून जाते. हे पेय कसं घडलं ते पाहिलं की प्रमाण नेमकं कुठे चुकतं ते कळतं. २००३ मध्ये स्टारबक्स या अमेरिकी कॉफी-साखळीने ते बाजारात आणलं तेव्हा त्यात भोपळा मुळीच नव्हता. त्यात होता तो भोपळ्याच्या 'पाय'चा, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेल्या गोड पदार्थाचा मसाला, आणि तो मसाला या कॉफीपेक्षा निदान दोनशे वर्षांनी जुना आहे.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्स गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. त्याच्या गराची चव सौम्य असते, थोडी गोड आणि थोडी मातकट. मसाले आले ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून. दालचिनी श्रीलंकेतून आणि जायफळ-जायपत्री इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरून आली. लवंग आली त्याच्या उत्तरेच्या तेर्नाते आणि तिदोर या बेटांकडून. या व्यापारामागे रक्तपात आहे. जायफळावर एकहाती ताबा मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये बांदावर चढाई केली आणि तिथले बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. पुढे १६६७ च्या ब्रेडा तहात बांदा समूहातलं रुन हे जायफळाचं चिमुकलं बेट डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. ऑलस्पाइस, म्हणजे मिरीसारख्या दिसणाऱ्या वाळवलेल्या फळांचा मसाला, तेवढा अमेरिकेच्या बाजूचा, कॅरिबियन बेटांतला. जमैका त्यासाठी प्रसिद्ध आहे.

इंग्लंडमध्ये दूध, अंडी आणि साखरेच्या पुडिंगात हे मसाले घालण्याची रीत होतीच. वसाहतवाद्यांनी ती न्यू इंग्लंडला नेली आणि तिथे मुबलक पिकणाऱ्या भोपळ्यावर वापरली. याचा सगळ्यात पक्का लेखी पुरावा १७९६ चा आहे. त्या वर्षी हार्टफर्ड इथे अमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' छापलं गेलं. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेलं पहिलं पाककृतींचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात भोपळ्याच्या पुडिंगाच्या दोन कृती आहेत. पहिलीत शिजवून गाळलेला एक क्वार्ट (जवळपास लिटरभर; पाइंट त्याच्या निम्मा) गर, तीन पाइंट साय आणि नऊ अंडी घ्यायला सांगितली आहेत, मसाला म्हणून जायपत्री, जायफळ आणि आलं. दुसरी साधी आहे. तिच्यात एक क्वार्ट दुधाला एक पाइंट गर, चार अंडी आणि काकवी, मसाल्यात ऑलस्पाइस आणि आलं. दोन्ही मिश्रणं पिठाच्या पारीत भाजायची, म्हणजे आज ज्याला पम्पकिन पाय म्हणतात तेच.

या दोन्ही कृतींत दालचिनी नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दोन्हींत आहे ते आलं. आजच्या तयार पम्पकिन पाय मसाल्यात दालचिनीचा वाटा सर्वात मोठा असतो आणि घरी करणारे तो आणखी वाढवतात. मग लाटे दालचिनीच्या बनसारखी लागते, पायसारखी नाही. भोपळ्याचा मातकटपणा कापून काढते ती सुंठेची झणझणीत बाजू, आणि दुधाशी जायफळाचं चांगलं जमतं. तिथे हात आखडता घेऊ नये.

१८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांनी थँक्सगिव्हिंगचा दिवस राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला आणि नोव्हेंबरच्या त्या पंगतीत हा पाय कायमचा बसला. पण तो घरोघरी सोपा झाला तो डब्यांमुळे. १९२९ मध्ये लिबी कंपनीने इलिनॉयमधल्या मॉर्टन इथला डिकिन्सन कुटुंबाचा भोपळा डबाबंद करण्याचा कारखाना विकत घेतला. १९३४ मध्ये बाल्टिमोरच्या मॅकॉर्मिकने 'पम्पकिन पाय स्पाइस' हा तयार मसाला आणला. पाच-सहा बरण्या उघडण्याऐवजी एकच डबी पुरू लागली आणि त्या विशिष्ट मिश्रणाचा वास म्हणजेच भोपळा, असं समीकरण कित्येक पिढ्यांच्या नाकात पक्कं झालं. २००३ मध्ये स्टारबक्सच्या उपयोगी पडलं ते हेच समीकरण.

लिबीच्या डब्यातला भोपळा हॅलोवीनला कोरतात तो गडद केशरी नव्हे. तो डिकिन्सन जातीचा, फिकट तपकिरी सालीचा, बटरनट या लांबट भोपळ्याच्याच प्रजातीतला असतो. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धागेदार निघतो. तो लाटेच्या सॉसमध्ये, म्हणजे कपात घालायच्या गोड मसालेदार पाकात, घातला की तळाशी तंतू बसतात आणि वर पाणी सुटतं. ताजा गर वापरायचा तर घट्ट गराचा गोड भोपळा निवडावा, अर्धा कापून २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास भाजावा, मिक्सरमधून काढावा आणि मलमलीच्या कापडात तासभर टांगावा. उकडून घेतलेल्या भोपळ्यात पाणी जास्त राहतं.

कॉफीच्या बाजूचा इतिहास त्या मानाने छोटा आहे. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ मध्ये इटलीतल्या मिलानला गेले, तिथले एस्प्रेसो (दाबाने काढलेली कडक कॉफी) बार पाहून परतले आणि १९८४ मध्ये सिअ‍ॅटलच्या स्टारबक्समध्ये लाटे मिळू लागली. पुढे हंगामी पेयांची पद्धत पडली. हिवाळ्यातली पेपरमिंट मोका (पुदिना-चॉकलेटची कॉफी) चालली तेव्हा शरद ऋतूसाठीही काहीतरी हवं असं कंपनीला वाटलं. २००३ च्या सुरुवातीला पीटर ड्यूक्स यांच्या गटाने काम हाती घेतलं. ग्राहकांच्या पाहणीत चॉकलेट आणि कॅरॅमलच्या कल्पना वर होत्या, भोपळा मध्यात कुठेतरी. तरीही तो वेगळा वाटला म्हणून ठेवला. सिअ‍ॅटलच्या प्रयोगशाळेत पम्पकिन पाय आणून ठेवले गेले. पायचा एक घास, त्यावर एस्प्रेसोचा घोट, असं करत कॉफीसोबत पायमधलं काय उठून दिसतं ते गटाने शोधलं. ही पद्धत मला फार योग्य वाटते, कारण एस्प्रेसोच्या कडवटपणासमोर भोपळा टिकत नाही. टिकतात ते मसाले, साखर आणि दुधाची स्निग्धता. त्या शरदात व्हँकुव्हर आणि वॉशिंग्टन डीसीतल्या सुमारे १०० दुकानांत चाचणी झाली आणि पुढच्या वर्षी पेय सर्वत्र गेलं.

सॉसमध्ये भोपळा नाही आणि कॅरॅमल रंग आहे, यावर २०१४ मध्ये बरीच टीका झाली. २०१५ मध्ये कंपनीने रंग काढला आणि भोपळ्याचा गर घातला. आजच्या सॉसमध्ये साखर आणि साय काढलेलं आटीव दूध हे गराच्या आधी येतात, म्हणजे वजनाने गर तिसरा. घरच्या सॉसलाही हाच क्रम ठेवावा. गर अंगासाठी घालायचा, चवीसाठी मसाला.

मसाल्याचं प्रमाण असं: दालचिनी ३ टीस्पून, सुंठ २, जायफळ १, लवंग पाव आणि ऑलस्पाइस अर्धा टीस्पून. लवंगेत आणि ऑलस्पाइसमध्ये युजेनॉल हे एकच मुख्य सुगंधी द्रव्य असतं, त्यामुळे दोन्ही सढळ हाताने घातली तर जिभेला बधिरपणा येतो. ऑलस्पाइस नसेल तर लवंग अर्धा टीस्पून करावी, त्याहून जास्त नाही. जायफळ आयत्या वेळी किसलेलं चांगलं, कारण त्याची पूड काही आठवड्यांतच फिकी पडते.

आठेक कपांच्या सॉससाठी ६० ग्रॅम गर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतावा. रंग थोडा गडद झाला की कच्चा वास गेलेला असतो. त्यात दोन टीस्पून मसाला घालून अर्धा मिनिट हलवावं, मग १५० ग्रॅम ब्राउन शुगर, १५० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ. आठ मिनिटं हलकी उकळी द्यावी, त्यापेक्षा जास्त नको. दालचिनीच्या पुडीत पाण्यात फुगणारा बुळबुळीत अंश असतो. जास्त शिजवलं की सॉसला तार सुटते, आणि गाळायला उशीर केला तरी तेच होतं. म्हणून सॉस गरम असतानाच बारीक गाळणीतून दाबून काढावा. थोडा निवल्यावर एक टीस्पून व्हॅनिला अर्क घालावा. दुकानासारखा मऊपणा हवा असेल तर विस्तवावरून उतरवल्यावर दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क मिसळावं.

एका कपाला ३० मिली सॉस पुरतो. सॉस आधी कपात, त्यावर १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत काढलेली सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो. ती ढवळून सॉस पूर्ण विरघळल्यावरच दूध ओतावं. सॉस दुधात घालून मग फेस काढायला गेलं तर तंतू आणि साखरेच्या वजनाने फेस बसतो, शिवाय वाफेच्या नळीत मसाला अडकतो. दूध २०० मिली, तापमान ६० ते ६५ अंश. ७० च्या पुढे त्याला शिजल्याचा वास येतो आणि गोडवा दबतो. मशिन नसेल तर मोका पॉटमधली (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणाऱ्या भांड्यातली) ६० मिली कॉफी चालते. भाजणी मध्यम ते गडद असावी, कारण हलक्या भाजणीची आंबट कॉफी भोपळ्यासोबत नासल्यासारखी लागते.

दूध खरोखरच फाटलं तर कारणं ठरलेली असतात. सुंठेऐवजी ताजं आलं घातलं असेल तर त्यातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम दूध फाडतं. दूध जुनं असेल तर कॉफी आणि ब्राउन शुगरची थोडी आम्लताही पुरते. सोया दूध यात सर्वात नाजूक. कॉफीसाठी बनवलेलं ओट दूध बरंच टिकतं, कारण त्यात आम्लता सावरणारे क्षार मिसळलेले असतात.

सॉस फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, कंडेन्स्ड मिल्क घातलेला असेल तर चार-पाच दिवसांत संपवावा. उरलेला गर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतो. पण कारखान्यातल्या डब्यासारखा तो घरी बरणीबंद करू नये. भोपळा कमी आम्लाचा असतो आणि गर इतका दाट की उष्णता मधोमध पोहोचेल याची खात्री देता येत नाही. बोट्युलिझमच्या (बंद बरणीत वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या) धोक्यामुळे अमेरिकी कृषी विभागही घोटलेला भोपळा घरी बरणीबंद न करण्याचा सल्ला देतो. चौकोनी फोडी प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या जास्त दाबाखाली तापवणाऱ्या खास भांड्यात) चालतात, आणि गर हवा तेव्हा त्या उघडून घोटायच्या.