बी.एस्सी.ला गणित घ्यायचंय? विषयांचा रकाना, पात्रता आणि कागदपत्रं

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या टेबलावर मी दरवर्षी बसते. अर्ज पुढे येतो. नाव, पत्ता, गुण सगळं नीट भरलेलं असतं, फक्त 'विषय' हा रकाना कोरा असतो. "मॅडम, मैत्रिणीनं घेतलेत तेच लिहू का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्या मुलीला आधी बसायला सांगते. त्या एका ओळीवर पुढची तीन-चार वर्षं ठरतात. बाकी अर्जात चूक झाली तर दुरुस्त होते, विषयांचं मुदत संपल्यावर तसं नाही.

आधी रचना समजून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनानं 20 एप्रिल 2023 रोजी पदवीच्या आराखड्याचा शासन निर्णय काढला. 2023-24 मध्ये तो स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत आला, 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही. आता तुमचा एक मुख्य विषय असतो, म्हणजे मेजर, आणि एक जोडविषय, म्हणजे मायनर. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह (हा दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो), कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. एका सत्रात साधारण 20 ते 22 क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30 तास. तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट झाली की पदवी, चौथं वर्ष करून 160 ते 176 झाली की ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. हा आकडा पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. तिसऱ्या वर्षी जाग आली तर मागच्या सत्रांचे गुण बदलत नाहीत.

मेजर कधी ठरतो, हे मात्र सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन समान वजनाचे विषय असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो. काही ठिकाणी पहिल्या सत्रातच मेजर लिहून द्यावा लागतो. त्यामुळे महाविद्यालयात गेल्यावर फीच्या आधी हे विचारा. तीन विषयांची पद्धत असेल आणि गणिताबद्दल मनात थोडी जरी ओढ असेल, तर त्या तिघांत गणित असू द्या. पहिल्या वर्षी सोडलेलं गणित दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून परत मिळत नाही. घेतलेलं गणित नकोसं झालं, तर दुसऱ्या वर्षी ते बाजूला ठेवता येतं.

पात्रता साधी आहे : बारावी विज्ञान उत्तीर्ण, आणि गणित विषय हवा असेल तर बारावीला गणित घेतलेलं. राज्य मंडळाच्या मुलांसाठी हा 'मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' हा विषय, कला-विज्ञानसाठीचा. फक्त जीवशास्त्र गट घेतलेल्या मुलांना बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो, पण त्यांना सहसा गणिताचा विषयगट मिळत नाही. काही महाविद्यालयांत बी.ए.लाही गणित आहे. कला शाखेतून बारावीला गणित घेतलेल्यांना तो मार्ग खुला असतो, आणि फार कमी जणांना तो माहीत असतो.

आता खरा प्रश्न. गणित जमेल का?

बारावीला नव्वद गुण आहेत, हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. बारावीत x शून्याकडे जाताना sin x भागिले x याचं लिमिट 1, हे धरून आपण भराभर उदाहरणं सोडवतो. इथं पहिल्याच वर्षी फळ्यावर प्रश्न येतो : लिमिट म्हणजे नेमकं काय? मग एप्सिलॉन आणि डेल्टा या नावांच्या दोन धन संख्या येतात. कोणीतरी कितीही छोटा एप्सिलॉन दिला, तरी त्याला पुरेल असा डेल्टा तुम्ही शोधून दाखवायचा आणि तो का पुरतो हे शब्दांत लिहायचं. उत्तराच्या जागी आकडा येत नाही, चार-पाच वाक्यं येतात. हुशार मुलं इथं पंधरा दिवस गोंधळतात, आणि ते स्वाभाविक आहे. मी प्रवेशाच्या वेळी एकच विचारते : दोनचं वर्गमूळ अपरिमेय का? शाळेत झालेलं असतं. सिद्धता आठवली नाही तरी काही बिघडत नाही. पण "समजा, ते परिमेय आहे..." असं म्हणत जो कागद ओढतो, त्यानं हा विषय जरूर घ्यावा.

दुसरं काम घरी करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो उघडा. पहिल्या वर्षाचा बघून फसगत होते, कारण त्यात ओळखीचं कॅल्क्युलस दिसतं. तिसऱ्या वर्षाकडे जाताना ग्रुप, रिंग, मेट्रिक स्पेस, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस अशी नावं भेटतात. मेजर घेणं म्हणजे तिथं पोचणं.

मायनर कोणता? पुढे काय करायचंय त्यावरून मागे या. आयआयटीतून एम.एस्सी. करायचं असेल तर जॅम परीक्षेचा गणिताचा पेपर रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी आणि डिफरन्शियल इक्वेशन्सवर असतो, म्हणजे मेजर गणितच हवं. विमा, बँक, डेटा या बाजूला जायचं तर संख्याशास्त्राचा मायनर मला सर्वांत उपयोगी वाटतो. शाळेत शिकवायचं असेल तर भौतिकशास्त्र घ्या, कारण शाळांत बहुतेकदा गणित आणि विज्ञान एकाच शिक्षकाकडे असतं. संगणकाची आवड आहे म्हणून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला जाऊन "गणित तिथंही आहेच" असं मानणाऱ्यांना एक विनंती : तिथलं गणित त्या अभ्यासक्रमापुरतं बेतलेलं असतं. एम.एस्सी. गणिताला अनेक संस्था पदवीला गणित किती वर्षं होतं हे मोजतात, म्हणून आधी ती अट वाचा.

विषयगट अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित, हेही विचारा. फीमध्ये मोठा फरक पडतो आणि माहितीपुस्तिकेत ते बारीक अक्षरात असतं.

प्रक्रिया अशी. विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी असेल तर आधी ती, मग महाविद्यालयाचा ऑनलाइन अर्ज, त्यात विषयगटांचा पसंतीक्रम. गुणवत्ता यादी, कागदपत्रांची पडताळणी, फी. यादीत नाव लागल्यावर दिलेल्या मुदतीत फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाते. तिथं विनवणीचा उपयोग होत नाही.

कागदपत्रं : दहावी आणि बारावीचं गुणपत्रक, कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला, आधार, छायाचित्रं, एबीसी आयडी (एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स; आयडी डिजिलॉकरवरून काढता येतो, क्रेडिट या बँकेत जमा होतात), अँटी-रॅगिंगचं हमीपत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि प्रवर्गानुसार जात वैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर. आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याचं वेगळं प्रमाणपत्र. सीबीएसई किंवा परराज्यातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मूळ दाखला जमा करण्यापूर्वी त्याच्या चार-पाच प्रती साक्षांकित करून घ्या. आणि आधारवरचं नाव गुणपत्रकाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे आजच पाहा. गेल्या खेपेला एका मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव अर्धं होतं, एबीसी आयडी जुळेना, आणि भर पावसात आधार केंद्रावर तिच्या तीन फेऱ्या झाल्या.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवून. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानाला असते आणि गणित त्यात येतं. मंडळाच्या वरच्या 1 टक्क्यात असाल तर चौकशी करा. वर्षाला 80,000 रुपये ही छोटी रक्कम नाही.

वर्ग सुरू झाल्यावर काही दिवस विषयबदलाची मुदत असते. त्या दिवसांत दोन्ही विषयांच्या तासांना बसून बघा. बदलायचं ठरलं तर नुसतं तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या, विभागप्रमुखांची सही घ्या, आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच स्वतःकडे ठेवा. परीक्षेच्या अर्जावर कोणता विषय छापून येईल, हे त्या पोचेवरच तपासता येतं.