रिझर्व्हला लागलेलं यान

ठाण्यात किंवा वाशीत रात्री साडेअकराला कुणी "गाडी लावतोय, दोन मिनिटं थांब" म्हणालं, तर ती गाडी खाली पार्किंगमध्येच असेल असं नाही. ती संगणकावरच्या एखाद्या खेळात, हजारो प्रकाशवर्षं दूर, गरगर फिरणाऱ्या अवकाशस्थानकाच्या तोंडाशीही असू शकते. यानाला सहज 'गाडी' म्हणण्याची ही सवय कळायला १९८४ सालात जावं लागतं.

अवकाशातले खेळ त्याआधीही होते. एमआयटीत १९६२ साली 'स्पेसवॉर' तयार झाला, १९७९ मध्ये अटारीचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' आला. पण त्यातलं यान फुटलं की लगेच दुसरं हजर. त्याच्यावर जीव कसा जडणार? केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा 'एलीट' सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणकावर आला, आणि त्यातल्या यानाला इंधनाची टाकी होती. पूर्ण भरली तरी ७ प्रकाशवर्षांपुरती. सुरुवातीला गाठीला १०० क्रेडिट. धान्य, कापड एका ग्रहावर घ्यायचं, दुसऱ्यावर विकायचं आणि साठलेल्या पैशातून आपल्या 'कोब्रा' यानाला एकेक भाग बसवायचा. स्थानकात शिरताना त्याच्या फिरण्याशी आपलं फिरणं जुळवून अरुंद फटीतून आत जावं लागे. चुकलं की संपलं.

आपल्याकडे तेव्हा बजाज स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत होते. बीबीसी मायक्रोही त्याच सुमारास शाळांत संगणक शिकवण्याच्या 'क्लास' योजनेतून भारतातल्या शाळांत आला. पै-पै साठवून घेतलेली गाडी म्हणजे काय, हे एलीटने आपल्याला वेगळं शिकवायची गरजच नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये याच खेळाचा नवा अवतार, 'एलीट डेंजरस', आला. आकाशगंगा खऱ्या मापाची, त्यात सुमारे ४०,००० कोटी तारा-प्रणाली. इथे विमासुद्धा आहे: यान फुटलं तर साधारण किमतीच्या ५ टक्के भरून परत मिळतं. इंधन मात्र आपलं आपण बघायचं. योग्य जातीच्या ताऱ्याला खेटून जात ते गोळा करता येतं, पण त्यासाठी यानाला स्कूप बसवलेला हवा.

माझ्या यानाला तो नव्हता. इंधन संपत आल्याचा इशारा वाजला तेव्हा माझा हात खुर्चीखाली गेला, जिथे बाबांच्या चेतकचा पेट्रोलचा कॉक असायचा. ती चेतक एकदा वाशी खाडीपुलावर बंद पडली होती. रिझर्व्हही संपलेलं. मागून आलेल्या एका स्कूटरवाल्याने स्वतःची गाडी चालवत, एक पाय आमच्या गाडीला लावून आम्हाला पंपापर्यंत ढकलत नेलं. एलीटमध्ये हेच काम 'फ्युएल रॅट्स' करतात. तेही आपल्यासारखेच खेळाडू. मोबदला न घेता अडकलेल्याला इंधन पोचवतात. मी हाक दिली, आणि काही मिनिटांनी काळोखात एक दिवा माझ्या दिशेने सरकताना दिसला.