पायाचा रक्तपुरवठा आणि मूलपेशी : आशेमागचा इतिहास

पाय काळा पडू लागला आणि बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णाचे नातेवाईक ‘स्टेम सेल’विषयी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या मूलपेशींविषयी, विचारू लागतात. या आशेचे मूळ १९९७ मधील एका प्रयोगात आहे.

तोपर्यंत असे मानले जाई, की रक्तवाहिन्या मुळापासून घडतात त्या फक्त गर्भात. प्रौढ शरीरात असलेल्या वाहिनीलाच धुमारे फुटतात. बोस्टनमध्ये ताकायुकी आसाहारा, जेफ्री आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या केल्या, की ज्या प्रयोगशाळेत वाढवल्यावर वाहिनीच्या अस्तरपेशींसारख्या झाल्या आणि रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांच्या पायांतील नव्या वाहिन्यांत सामावल्या. २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतील मऊ मगजातील) पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या, तेव्हा वेदना कमी झाल्याचे दिसले.

पुढे मात्र कळले, की त्या ‘अस्तरपेशी’ बहुतांशी पांढऱ्या रक्तपेशीच होत्या. त्या स्वतः वाहिनी होत नाहीत, तर वाढीला चालना देणारी प्रथिने स्रवतात. माझ्या मते या इतिहासातील हेच सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, कारण बीज पेरणे आणि खत घालणे यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन उपचारकल्पनांत आहे. नेदरलँड्समधील १६० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) मज्जेतील पेशी धमनीत सोडूनही पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटले नाही.

मूलपेशी आजारालाही हातभार लावतात. वयोमानानुसार मज्जेतील एखाद्या मूलपेशीत जनुकीय बदल होऊन तिचीच संतती रक्तात वाढत जाते. अशा व्यक्तींना हृदयधमनीच्या विकाराचा धोका अधिक असतो, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

पुण्यात गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. संशोधकांना पेशी पुरवणारी सुविधा म्हणून १९८६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मज्जेतील मूलपेशींवर मूलभूत संशोधन झाले आहे. उपचार मिळण्याचे ते ठिकाण नव्हे. तंबाखूशी घट्ट नाते असलेल्या बर्गर आजारात (हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होण्याचा विकार) आणि धमनीकाठिण्यात (धमन्या कडक व अरुंद होणे) पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या घटलेल्या रुग्णांसाठी निरोगी दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींचे बंगळुरूमधील एक औषध २०२० मध्ये भारतात मंजूर झाले. मंजुरीच्या कक्षेबाहेरचा मूलपेशींचा वापर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, केवळ रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि अशी चाचणी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली असावी लागते.